जिथे बोट थांबते

चेन्नईहून अंदमानला विमान दोन तासांच्या आसपास पोहोचवते आणि त्याच अंतराला जहाज जवळजवळ तीन दिवस घेते. त्यामुळे आपण जहाजाने निघालो आहोत असे सांगितले की ऐकणारा आधी आपल्या खिशाची आणि मग आपल्या डोक्याची काळजी करू लागतो. माझ्या बाबतीत कारण साधे होते. विमान पोर्ट ब्लेअरला, म्हणजे २०२४ पासून कागदोपत्री श्री विजयपुरमला, आणून सोडते आणि तिथे त्याचे काम संपते. निकोबार बेटे तिथून पुढे, दक्षिणेकडे सुरू होतात. कार निकोबारला धावपट्टी आहे, पण ती हवाई दलाची. हेलिकॉप्टरच्या मोजक्या जागा सोडल्या तर सामान्य माणसाला तिकडे नेणारे साधन बोट हेच आहे. मला जायचे होते ते तर या साखळीच्या अगदी तळाशी, ग्रेट निकोबारच्या कॅम्पबेल बेला. निम्मा प्रवास पाण्याने करायचाच आहे तर सगळाच पाण्याने का करू नये, असा विचार मी केला आणि चेन्नईचे तिकीट काढले.

कॅम्पबेल बेला माझ्या आईचे चुलतभाऊ राहतात. सातारा जिल्ह्यातल्या पुष्कळ मुलांप्रमाणे ते लहान वयात फौजेत गेले, तरुणपणीच निवृत्त झाले आणि १९६९ साली सरकारने माजी सैनिकांना ग्रेट निकोबारवर जमिनी देऊन वसवायला सुरुवात केली, त्यानंतर काही वर्षांनी तेही बायकोला घेऊन तिकडे गेले. पंजाब, महाराष्ट्र, केरळ, तमिळनाडू, आंध्र अशा निरनिराळ्या प्रांतांतून पुढच्या दहा-अकरा वर्षांत अशी तीनशेहून अधिक कुटुंबे तिथे पोहोचली. आमच्या घरात या मामांचा उल्लेख नेहमी ‘लांबचे मामा’ असाच होई. नाते लांबचे म्हणून नव्हे, तर राहणे लांबचे म्हणून. ते लांब म्हणजे नेमके किती, हे मला नकाशावर कधीच कळले नाही; ते बोटीत कळले.

मुख्य भूमी आणि अंदमान यांच्यामध्ये अनेक वर्षे धावलेली तीन मोठी प्रवासी जहाजे म्हणजे ‘नानकौरी’, ‘निकोबार’ आणि ‘स्वराज द्वीप’. त्यांतली पहिली दोन पोलंडमधल्या श्चेचिनच्या गोदीत बांधलेली, तर तिसरे आपल्या विशाखापट्टणमच्या. प्रत्येकात हजार-बाराशे माणसे मावतात. गंमत अशी, की ‘स्वराज द्वीप’ हे नाव आधी जहाजाला मिळाले आणि हॅवलॉक बेटाला ते २०१८ मध्ये मिळाले, त्यामुळे त्या नावाचे बेट शोधणाऱ्याला कित्येक वर्षे बोटीतच बसावे लागले असते. वरच्या मजल्यांवर केबिना असतात. खाली बंक क्लास, म्हणजे लांबलचक दालनात एकावर एक लोखंडी बाकडी आणि त्यांवर रेक्झिनच्या गाद्या. मी बंकची शिफारस करीन, पण ती झोपेसाठी नव्हे. जहाज कोणासाठी चालते हे तिथेच दिसते. बेटांवरच्या रहिवाशांना ओळखपत्रावर अत्यंत कमी भाड्यात तिकीट मिळते आणि ती कुटुंबे चेन्नईतून मिक्सर, पंखे, लग्नाच्या साड्या, मुलांच्या सायकली असा संसारच्या संसार घेऊन परतत असतात. हौशी प्रवासी मूठभर, आणि ते पहिल्याच संध्याकाळी ओळखू येतात. कारण सूर्यास्ताचे फोटो काढायला तेवढेच वर येतात. बाकीचे भोजनगृहाच्या रांगेत असतात.

पहिल्या रात्रीनंतर रांग विरळ होते. आपल्याकडे ‘बोट लागते’ म्हणतात, त्याचा अनुभव बहुतेकांना येतो, आणि तो येऊ नये म्हणून प्रत्येकाकडे एक खात्रीचा उपाय असतो. माझी आजी देवगडची. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोकणच्या बोटीने तिने तारुण्यात पुष्कळ प्रवास केलेला. तिचा उपाय आवळासुपारी आणि आडवे पडून राहणे हा होता. औषध म्हणून त्यातला दुसरा भागच खरा असावा. जहाजाच्या मध्यभागी, पाण्याच्या पातळीजवळ हेलकावे सर्वांत कमी असतात, आणि बंक क्लास नेमका तिथेच असल्यामुळे महागडे तिकीट काढून वर गेलेल्यांपेक्षा खालचे लोक अधिक शांत झोपतात, हा एक न्याय म्हणावा असा प्रकार आहे.

दुसऱ्या दिवशी काहीच दिसत नाही, आणि हे काहीच न दिसणे मला सबंध प्रवासातले अत्यंत शिकवणारे प्रकरण वाटले. पंधरा मीटर उंचीच्या डेकवर उभे राहिल्यास क्षितिज सुमारे चौदा किलोमीटरांवर असते. म्हणजे आपल्याभोवती अठ्ठावीस किलोमीटर व्यासाचे एक पाण्याचे वर्तुळ असते आणि जहाज कितीही चालले तरी आपण त्याच्या मध्यबिंदूवरच असतो. किनाऱ्याजवळचा हिरवट रंग केव्हाच मागे पडलेला असतो आणि पाणी शाईसारखे गडद निळे होते. अधूनमधून उडणारे मासे नाळेपासून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापासून, दूर पळताना लांबवर तरंगत जातात. एवढेच. दिवसभरात शेकडो किलोमीटर गेलो असे नकाशा सांगतो आणि डोळे ते मानायला तयार नसतात. भूगोलात ‘दुर्गम’ हे विशेषण आपण फार सहज वापरतो. त्यात वर्तुळाच्या मध्यावर तासन्‌तास उभे राहण्याचा हा भाग कुठेच येत नाही.

मराठी माणसाच्या मनात या पाण्याचे ‘काळे पाणी’ हे एक जुने नाव आहे आणि ते आठवल्यावाचून राहत नाही. जन्मठेपेचे कैदी ‘महाराजा’ नावाच्या आगबोटीने याच मार्गाने नेले जात. विनायक दामोदर सावरकरांना २७ जून १९११ रोजी मद्रासहून तिच्यावर चढवले आणि ४ जुलैला ते पोर्ट ब्लेअरला उतरले. मोठे बंधू बाबाराव त्यांच्याआधीच तिथे पोहोचलेले होते. ती बोट जूनच्या अखेरीस, म्हणजे नैर्ऋत्य मोसमी वारे ऐन भरात असताना निघाली होती, हे मी आधी अनेकदा वाचूनही कधी लक्षात घेतले नव्हते. शांत महिन्यातही जिथे अर्धे जहाज आडवे होते, तिथे पावसाळ्यात, खाली कोंडलेल्या आणि बेड्या घातलेल्या माणसांचे काय झाले असेल, याचा अंदाज सेल्युलर जेलच्या कोठड्या पाहून येत नाही.

जमीन दिसते ती शेवटच्या पहाटे. चेन्नईची बोट अंदमानात शिरते ती रटलंड बेट आणि लिटल अंदमान यांच्यामधल्या डंकन पॅसेजमधून; मग उत्तरेकडे वळून पूर्व किनाऱ्याने पोर्ट ब्लेअर गाठते. इथे सूर्य लवकर उगवतो, कारण घड्याळ तेच असले तरी आपण रत्नागिरीपासून जवळजवळ वीस रेखांश पूर्वेला आलेलो असतो आणि त्यामुळे कोकणापेक्षा सव्वा तासाहून अधिक आधी उजाडते. उजव्या हाताला लिटल अंदमानची सपाट काळी रेघ, समोर दोन-तीन लहान बेटे, सगळ्यांवर पाण्यापर्यंत उतरलेले जंगल. डेकवर गर्दी होते आणि कोणीतरी हमखास विचारते की नॉर्थ सेंटिनेल, म्हणजे बाहेरच्यांना येऊ न देणाऱ्या सेंटिनेली जमातीचे बेट, कुठले. ते दिसत नाही. ते वायव्येला दूर राहते, आणि त्याच्या किनाऱ्यापासून पाच सागरी मैलांच्या आत कोणी जाऊ नये असा नियमही आहे. लिटल अंदमानवर ओंगे जमातीचे लोक राहतात, त्यांच्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही. पाहुण्यांना परतवून लावणारे लोक प्रसिद्ध होतात आणि ज्यांनी येऊ दिले ते विसरले जातात, असे काहीसे इथे झालेले आहे.

पोर्ट ब्लेअरला मोठी जहाजे हॅडो धक्क्याला लागतात आणि बेटांतर्गत बोटी फिनिक्स बेहून सुटतात. मधले अंतर थोडे, पण जग वेगळे. फिनिक्स बेच्या तिकीटखिडकीवर उभे राहिल्याशिवाय निकोबार जिल्हा म्हणजे काय हे समजत नाही, असे माझे मत आहे. वेळापत्रक काही दिवसच आधी लागते. हवामान, दुरुस्ती, एखाद्या बेटावरची निकड यांमुळे ते बदलते. आणि रांगेतली माणसे ते शांतपणे सोसतात. जी. बी. पंत रुग्णालयातून उपचार घेऊन परतणारे रुग्ण, सुट्टीला घरी निघालेली महाविद्यालयीन मुले, बदलीवर निघालेले शिक्षक, एखादा पाद्री. निकोबार बेटे १९५६ च्या आदिम जमाती संरक्षण विनियमाखाली राखीव असल्यामुळे बाहेरच्या माणसाला परवाना लागतो. मला तो मामांच्या पत्त्यावर, पुष्कळ कागद जोडल्यावर मिळाला. परवान्यात कॅम्पबेल बे लिहिलेले होते. याचा अर्थ वाटेतल्या कोणत्याही बेटावर मी पाय ठेवू शकणार नव्हतो.

बोट सुटण्याआधी सामान चढते, ते पाहण्यासारखे असते. अंड्यांचे ट्रे, कांद्या-बटाट्याची पोती, पत्रे, मोटारसायकली, शाळेच्या वह्यांचे गठ्ठे, फुटबॉलची जाळी, खुराड्यात कोंबड्या. पोर्ट ब्लेअर ते कॅम्पबेल बे हे अंतर साडेपाचशे किलोमीटरांच्या आसपास आहे, म्हणजे मुंबईहून सावंतवाडीच्याही थोडे पलीकडे, आणि या सबंध पट्ट्यात राहणाऱ्या माणसांचा कांदा, औषध, पत्र आणि पाहुणा एकाच दाराने येतो. २०११ च्या जनगणनेत निकोबार जिल्ह्याची लोकसंख्या ३६,८४२ होती. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी ही माणसे डझनभर बेटांवर विखुरलेली आहेत.

अंदमान आणि निकोबार यांच्यामध्ये सुमारे दीडशे किलोमीटर रुंदीचा मोकळा समुद्र आहे, त्याला टेन डिग्री चॅनल म्हणतात, कारण उत्तरेचा दहावा अक्षांश त्यातून जातो. बोट तो रात्री ओलांडते. बंगालचा उपसागर आणि अंदमान समुद्र यांचे पाणी इथे एकमेकांत शिरते, लाट बाजूने लागते आणि बोट सहा-सात तास एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर होत राहते. बेटांवरची माणसे या पट्ट्याबद्दल जपून बोलतात. माझ्या शेजारच्या बंकवरच्या निकोबारी आजीबाईंनी चॅनल लागायच्या आतच जेवून घेतले, डोक्याला रुमाल बांधला आणि भिंतीकडे तोंड करून त्या सकाळपर्यंत हलल्या नाहीत. माझ्या आजीच्या आडवे पडण्याच्या शास्त्राला इथेही मान्यता आहे हे पाहून बरे वाटले.

सकाळी कार निकोबार दिसते, आणि ते कसे दिसते हे सांगण्यासारखे आहे. हे बेट प्रवाळाचे, जवळजवळ सपाट, त्यामुळे पाण्याच्या गोलाईवरून आधी त्याच्या माडांचे शेंडे वर येतात. बुंधा नाही, जमीन नाही, नुसते झावळ्यांचे झुपके पाण्यावर ओळीने टेकलेले. मग खालून पांढरी रेघ येते आणि शेंडे, बुंधे, वाळू अशी सगळी गोष्ट जुळते. याच्या उलट ग्रेट निकोबार. तिथला थुलियर डोंगर ६४२ मीटर उंच असल्यामुळे हवा स्वच्छ असेल तर बेट लागण्याच्या कितीतरी आधी ढगाला चिकटलेला निळा डाग दिसू लागतो. नावाड्यांना ही बेटे नावांऐवजी अशा उगवण्याच्या रीतीवरून ओळखू येत असली पाहिजेत.

कार निकोबारला बोट धक्क्याला लागली आणि अख्खे गाव आल्यासारखी गर्दी दिसली. काही जण पाहुण्यांना घ्यायला आले होते, काही जण सामानाला, आणि बरेचसे नुसते बोट आली म्हणून. क्रेन जाळ्यातून पोती उतरवत होती. दुसऱ्या बाजूने नारळ आणि सुपारी चढत होती. मी कठड्याला टेकून हे तासन्‌तास पाहत राहिलो, कारण उतरण्याची मुभा नव्हती. सुरुवातीला ते टोचले. एवढ्या लांब येऊन, दहा पावलांवर बेट असताना शिडीवरच्या पोलिसाने हात आडवा करावा! पण थोड्या वेळाने त्या हाताबद्दल माझे मत बदलले. कार निकोबारच्या साधारण १२७ चौरस किलोमीटरांवर सतरा-अठरा हजार माणसे राहतात, जमीन ‘तुहेत’ म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मालकीची असते, आणि विहिरी, माड, डुकरे, होड्या या सगळ्यांची वाटणी त्या कुटुंबात ठरलेली असते. अशा ठिकाणी आठवड्याला शंभर हौशी माणसे केवळ पाहायला उतरली, तर पाहण्यासारखे काय उरेल याचे उत्तर हॅवलॉकच्या किनाऱ्यावर जाऊन बघता येते. कठडा ही माझी जागा होती आणि ती योग्य होती.

शिवाय ही माणसे जगापासून तुटलेली आहेत हा समज त्या धक्क्यावर टिकत नाही. पहिल्या लोकसभेत अंदमान-निकोबारचे प्रतिनिधी म्हणून नियुक्त झालेले बिशप जॉन रिचर्डसन याच बेटाचे. त्यांचे शिक्षण ब्रह्मदेशात झाले होते आणि नवा करार निकोबारी भाषेत त्यांनी आणला. दुसऱ्या महायुद्धात तीन वर्षे इथे जपानी सैन्य होते आणि त्याने इथल्या लोकांचा छळ केला. जग या बेटापर्यंत आले नाही, असे झालेले नाही. फार वेळा आले आणि बहुधा न विचारता आले.

कार निकोबार सोडल्यावर चौरा हे लहानसे बेट लागते. काही बोटी इथे थांबतात, काही नुसत्या जवळून जातात. आमची थोडी थांबली, बाहेरच नांगर टाकून, आणि माणसे लहान बोटीत उतरली. त्या वेळी मला आजीने वर्णन केलेले कोकणातले पडाव आठवले. देवगड-विजयदुर्गाला बोट बाहेर उभी राही आणि लाटेवर वरखाली होणाऱ्या पडावात पोरे, बोचकी आणि म्हातारी माणसे झेलून घ्यावी लागत. चौऱ्याच्या खलाशांची झेलण्याची पद्धत तीच होती: लाट वर येईपर्यंत थांबायचे, आणि मग विचार करायला वेळ द्यायचा नाही.

चौरा आठ-नऊ चौरस किलोमीटरांचे, पण निकोबारच्या जुन्या व्यवहारात त्याचे वजन फार मोठे होते. मातीची भांडी परंपरेने फक्त चौऱ्याच्या बायकांनी घडवायची, आणि इतर कोणी ती करायला गेले तर अनिष्ट ओढवते अशी समजूत. होड्याही चौऱ्याच्या मध्यस्थीने घ्यायच्या. नवल असे, की चौऱ्यावर चांगली माती नाही, ती तेरेसा बेटाहून आणावी लागे. आणि होडीजोगे लाकूडही नाही, ते दक्षिणेच्या जंगलाच्या बेटांवरचे. ज्याच्याकडे काहीच नाही त्या बेटाने सगळ्यांना आपल्याकडे यायला लावले होते, आणि कार निकोबारची माणसे एका बाजूला उलांडी, म्हणजे तोल सांभाळणारे लाकूड, बांधलेल्या होड्यांतून, वल्ह्यांच्या आणि शिडाच्या बळावर, ताऱ्यांच्या हिशेबाने सत्तर-ऐंशी किलोमीटरांचा उघडा समुद्र ओलांडून भांड्यांसाठी आणि होड्यांसाठी चौऱ्याला येत. या समुद्राला स्वतःचे वेळापत्रक होते. आगबोटी आल्या आणि त्यांनी पोर्ट ब्लेअरला केंद्र केले, तेव्हा इथले जुने जवळ-लांब मोडून पडले आणि चौरा ‘दुर्गम’ झाले.

तेरेसा आणि बोंपोका मागे टाकून बोट नानकौरीच्या बंदरात शिरली, आणि इथे मात्र मला लेखणी आवरणे कठीण आहे. कामोर्टा आणि नानकौरी ही दोन बेटे समोरासमोर अशी उभी आहेत, की मधल्या पाण्याला पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे दोन दारे राहतात आणि बाहेर कितीही खवळलेले असो, आत शांत असते. दोन्ही बाजूंच्या टेकड्या हिरव्या. काही माथ्यांवर जंगलाऐवजी नुसते गवत. पाणी इतके स्वच्छ की नांगराची साखळी खोलवर जाताना दिसते. युरोपातल्या जहाजांना हे बंदर फार आधी सापडले आणि प्रत्येकाला वाटले की इथे वसाहत करावी. १७५६ मध्ये डेन्मार्कने निकोबार बेटे आपली म्हणून जाहीर केली आणि त्यांना आपल्या राजाचे नाव दिले. १७६८ पासून मोरेव्हियन पंथाचे मिशनरी नानकौरीवर राहायला आले आणि तापाने एकामागून एक मरत गेले. १७८७ मध्ये उरलेल्यांनी गाशा गुंडाळला. मधेच ऑस्ट्रियानेही हक्क सांगून पाहिला आणि १८५८ साली त्यांची ‘नोव्हारा’ ही युद्धनौका जगप्रदक्षिणेत इथे येऊन गेली. १८६८ मध्ये डेन्मार्कने आपला हक्क इंग्रजांना विकला, इंग्रजांनी पुढच्याच वर्षी कामोर्ट्यावर कैद्यांची वसाहत उघडली आणि १८८८ मध्ये तीही बंद केली. हिवतापाने सगळ्यांना सारखेच वागवले.

या सगळ्यांच्या कितीतरी आधी, अकराव्या शतकात, राजेंद्र चोळाच्या तंजावरच्या शिलालेखात जिंकलेल्या प्रदेशांच्या यादीत ‘मानक्कवारम’ येते, ते निकोबारच असे इतिहासकार मानतात. म्हणजे हजार वर्षे जहाजे इथे येत आहेत, नांगर टाकत आहेत, नाव ठेवून जात आहेत. राहिले ते इथलेच. किनाऱ्यावरची काही मुले आमच्या बोटीकडे बघून हात हलवत होती, आणि डेकवरचे एक गृहस्थ ‘किती निरागस’ असे म्हणाले. मला वाटते ती मुले वह्यांचा गठ्ठा आला का, हे पाहत होती.

बंदराच्या पूर्वेला ट्रिंकेट आहे. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी आलेल्या लाटांनी या सपाट बेटाचे तुकडे केले. वाचलेल्या लोकांना कामोर्ट्यावर हलवले. पश्चिमेकडच्या कच्छलची लोकसंख्या २००१ आणि २०११ या दोन जनगणनांमध्ये जवळजवळ निम्मी झाली. तिथे निकोबारींबरोबर श्रीलंकेहून परत पाठवलेली आणि रबराच्या मळ्यांवर वसवलेली तमिळ कुटुंबेही होती, एकदा उचलून आणलेली माणसे. त्सुनामीनंतर सरकारने किनाऱ्यापासून आत पत्र्याच्या छपरांची घरे ओळीने बांधून दिली. ती बोटीतून चमकताना दिसतात. एकाच तुहेतातल्या भावांना त्यांत वेगवेगळे दरवाजे मिळाले, आणि होड्या तर सगळ्यांच्याच वाहून गेल्या होत्या. एवढ्या मोठ्या आपत्तीत घाईने छप्पर द्यावेच लागते, हे मला मान्य आहे; पण ओळी आखताना कुटुंब म्हणजे काय हे इथल्या लोकांना विचारायला फार वेळ लागला नसता.

नानकौरीच्या खाली सोंब्रेरो चॅनल आहे. तो ओलांडला की लिटल निकोबार आणि त्यापलीकडे ग्रेट निकोबार. इथून बेटांचे रूप पालटते. डोंगर, दाट वर्षावन, नद्या; किनाऱ्याच्या जंगलात पानांचे ढीग रचून त्यांच्या कुजण्याच्या उबेवर अंडी उबवणारा मेगापोड पक्षी, आणि आतल्या भागात शोंपेन जमातीची माणसे. हजाराच्या आसपास चौरस किलोमीटरांच्या या बेटावर २०११ मध्ये आठ हजारांच्या आसपास लोक होते. कॅम्पबेल बेच्या धक्क्यावर मामांचा मुलगा मोटारसायकल घेऊन उभा होता. त्याने मराठीत ‘कसा झाला प्रवास’ विचारले आणि पुढचे वाक्य बेटांवरच्या हिंदीत पूर्ण केले.

मामा आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत. ते आले तेव्हा जंगल तोडून जमीन करायची होती. सीमा सडक संघटना पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण असे दोन रस्ते काढत होती. धान्य, बियाणे, रॉकेल सगळे बोटीने येई आणि बोट महिनोन्‌महिने चुके. त्यांनी माड लावले, सुपारी लावली. २००४ मध्ये नुसती लाट आली नाही, तर बेटच खचले. दक्षिण टोकाच्या इंदिरा पॉइंटला जमीन चार मीटरांहून अधिक खाली गेली आणि १९७२ मध्ये उभारलेल्या तिथल्या दीपगृहाचा पाया समुद्रात आला. मामांच्या जमिनीचा खालचा भाग त्याच दिवशी पाण्याखाली गेला तो अजून वर आलेला नाही. “सातबारा हाय, जमीन न्हाई,” असे ते म्हणतात. अर्थात तिथे सातबारा नसतो. पण पन्नास वर्षांनंतरही त्यांच्या तोंडी कागदाला तोच शब्द आहे.

ग्रेट निकोबारच्या दक्षिणेला, सुमारे चाळीस सागरी मैलांवरून, मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणारा जगातला एक अत्यंत गजबजलेला जलमार्ग जातो. युरोप, आखात, चीन, जपान यांचे तेल आणि माल त्यावरून रात्रंदिवस वाहत असतो. पलीकडे सुमात्रा आहे, चेन्नईपेक्षा कितीतरी जवळ. म्हणजे आम्ही ज्याला ‘लांबचे’ म्हणत आलो ते बेट जगाच्या हमरस्त्याला लागून आहे. फक्त त्या रस्त्यावरचे काही इथे थांबत नाही. आता ते थांबवायचे ठरले आहे. गॅलेथिया उपसागरात मोठे मालवाहू बंदर, त्याबरोबर विमानतळ, वीजप्रकल्प आणि नवे शहर अशी ७२,००० कोटी रुपयांची म्हणून मांडली गेलेली योजना २०२२ मध्ये पर्यावरण मंजुरी घेऊन पुढे सरकली, आणि तिच्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल वळवले जाणार आहे. तोच उपसागर लेदरबॅक कासवांच्या अंडी घालण्याची जागा आहे. तिथले अभयारण्य २०२१ च्या जानेवारीत रद्द करण्यात आले. वाटेतल्या पत्र्याच्या ओळी आणि ट्रिंकेटचे तुकडे नुकतेच पाहून आलेल्या मला या योजनेत घाई दिसते. खचणाऱ्या जमिनीवर आणि ज्यांना विचारण्याची भाषाही आपल्याकडे नीट नाही अशा शोंपेनांच्या शेजारी एवढे मोठे काही उभारताना जो विचार व्हायला हवा, तो मला झालेला दिसत नाही.

मामांच्या अंगणात मी हे सगळे आवेशाने मांडले. त्यांनी ऐकून घेतले. मामेभाऊ मधे म्हणाला की जमिनीला भाव येईल, त्याच्या मुलांना नोकरीसाठी पोर्ट ब्लेअरला जावे लागणार नाही. मग स्वतःच थांबून म्हणाला की तेवढी बाहेरची माणसे आल्यावर नोकऱ्या आपल्याला कशाला मिळतील. मामी आतून म्हणाल्या की परतीच्या बोटीचे आधी बघा, मागच्या आठवड्यातली आलीच नाही. त्यावर मामेभावाने धक्क्यावरच्या ओळखीच्या माणसाला फोन लावला. उत्तर मिळाले, की बोट कच्छलला अडकली आहे, उद्या कळेल.

“कंटेनरची बोट थांबंल इथं, सिंगापूरची, कोलंबोची, समद्यांची थांबंल,” मामा म्हणाले. “पण आपली बोट रोज यील का, ते कुणी सांगत न्हाई. तू शिकलेला हायस, तुला कुठं लिव्हलेलं दिसलं का?”

मला दिसले नव्हते, आणि मी तसे सांगितले.